यमुनाबाईंच्या फाइलीची वारस नोंद

विलासरावांना एक ओळ लिहायची होती. एकच. 'प्रिन्सी डिमेलो, तिसरा मजला, पुस्तक क्रमांक २१७, आज नेले.' एवढ्या ओळीला माणसाला किती वेळ लागावा? विलासरावांना चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत बोळिंजच्या सागरदर्शन सोसायटीत एक जाहीर नोटीस लागली, दोन हरकती आल्या आणि एका खुन्याचं नाव फुटलं.

सागरदर्शनमधून सागर दिसत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं तर दिसतो, असं बिल्डर म्हणाला होता. तळमजल्यावर मात्र एक खोली आहे आणि तिथे विलासरावांच्या पत्नी यमुनाबाईंनी अकरा वर्षं वाचनालय चालवलं. सहाशे अकरा पुस्तकं, चार खुर्च्या आणि एक जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटर यमुनाबाईंच्या बहिणीची मुलगी ज्ञानदा हिने दिला होता. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने त्यावर लिनक्स घालून दिलं, कारण ते फुकट असतं आणि जुन्या मशीनवर चालतं. पुस्तकांची यादी, कोणी काय नेलं, कधी परत केलं, हे सगळं यमुनाबाई त्यावर एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहीत.

यमुनाबाई गेल्या त्याला सात महिने झाले. वाचनालय तेव्हापासून बंद. विलासराव रोज किल्ली खिशात घालून खाली उतरत आणि त्या दारावरून भाजी आणायला जात.

मंगळवारी सेक्रेटरी जितेश चुरी घरी आला.

"काका, गैरसमज नको. रविवारच्या सभेत खोलीचा विषय आहे. पोरं जिम मागतायत. सात महिने कुलूप आहे, मी तरी काय सांगू?"

"वाचनालय चालू आहे," विलासराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"चालू आहे तर उत्तमच. सभेत यादी दाखवा, नोंदी दाखवा. विषय संपला."

जितेश गेल्यावर पाच मिनिटांत विलासरावांनी कुलूप काढलं. धूळ झटकली. प्रिन्सी शाळेतून येत होती, ती थेट आत शिरली. शिक्षिका असल्यामुळे उघडं दार दिसलं की आत डोकावायची तिला सवय आहे. तिने २१७ नंबरचं पुस्तक उचललं. विलासराव कॉम्प्युटरसमोर बसले, ती ओळ टाइप केली आणि साठवायला गेले.

परमिशन डिनाइड.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. फाइलीवर उजवं बटण दाबून माहिती काढली. मालक : यमुना. विलास यांना परवानगी : फक्त वाचण्याची.

विलासराव एका औषध कंपनीच्या गोदामात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या सहीशिवाय तिथून खोकल्याची बाटली हलत नसे. आता घरात साखरेच्या डब्याला हात लावायचा तर यमुनाला विचारावं लागे, ही गोष्ट वेगळी. ती खाजगी होती. पण प्रिन्सीसमोर एका मशीनने त्यांना 'तुम्ही फक्त वाचा' म्हणावं, हे त्यांना लागलं.

"राहू दे काका, मी लक्षात ठेवते," प्रिन्सी म्हणाली. ते आणखी लागलं.

बुधवारी सकाळी इग्नेशियस आले. इग्नेशियस शेजारच्या वटार गावचे. त्यांची केळीची वाडी आहे, पण आयुष्य गेलं तहसील कचेरीत, जमिनीच्या नोंदींच्या टेबलावर. निवृत्त झाल्यापासून ते स्कूटरवरून आठवड्यातून तीनदा वाचनालयात येत आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसत. सात महिन्यांनी ती खुर्ची मोकळी मिळाल्यामुळे ते खुशीत होते. त्यांनी चष्मा पुसून पडद्यावरची माहिती वाचली.

"विलासभाऊ, यात अडचण काय? सरळ केस आहे. मालक मयत. आधी वारस नोंद, मग फेरफार."

"अहो, ही फाइल आहे."

"जमिनीची पण फाइलच असते! मयताचा दाखला आणा. वारस किती?"

"मी आणि सुमेध."

"सुमेधचं संमतीपत्र लागेल. मुलगा नाशिकला का असेना, सही पाहिजे."

विलासरावांना हे मनापासून पटलं. सात महिने त्यांनी दुसरं काय केलं होतं? त्यांनी दाखला आणला, तो स्कॅन केला आणि वाचनालयाच्या फोल्डरमध्ये, यादीशेजारी टाकायला गेले. मशीनने दाखलाही घेतला नाही. परमिशन डिनाइड.

इग्नेशियस खवळले. "आवक करून घ्यायलाच नकार? आमच्या कचेरीत असं कधी झालं नाही. अर्ज घ्यायचा, मग दहा वर्षं ठेवायचा. पण घ्यायचा!"

मग त्यांनी पद्धतशीर मार्ग धरला. हाताने नोटीस लिहून दाराला चिकटवली : 'कै. यमुना यांच्या नावे असलेल्या फाइलीवर पती विलास यांचा वारस म्हणून हक्क लावणेचा आहे. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावे.' मुदत पंधरा दिवसांची असते, पण सभा रविवारी, म्हणून इग्नेशियसनी स्वतःच्या अधिकारात ती शुक्रवारपर्यंत आणली.

हरकती दोन आल्या. एकाने लिहिलं होतं की वारस कोणीही होवो, आपल्या पार्किंगमध्ये स्कूटर लावू नये. ती स्कूटर इग्नेशियसचीच होती, त्यामुळे ती हरकत त्यांनी फेटाळली. दुसरी प्रिन्सीच्या सासूबाईंची, बेटीआजींची. बाथरूमच्या भिंतीत ओल येते, ती कोणाच्या नावावर आहे तेही एकदा ठरवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

बुधवारीच दुपारी ज्ञानदाचा फोन लागला. विलासरावांनी सगळं सविस्तर सांगितलं.  ती हसत होती.

"काका, दाखला-बिखला काही नको. तुमच्या खात्याला मी तेव्हाच सुडो देऊन ठेवलाय. म्हणजे तुम्ही मशीनला हुकूम देऊ शकता. मालक बदलायची एक छोटी कमांड आहे. सांगते तसं टाइप करा."

विलासरावांनी एका बोटाने टाइप केलं. इग्नेशियस मागे उभे राहून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते.

"झालं? आता एंटर दाबा. मावशीचं नाव जाईल, तुमचं येईल. संपलं."

विलासरावांचं बोट एंटरवर होतं.

सात महिन्यांत रेशनकार्ड झालं होतं. गॅस झाला होता. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट झालं, बँकेचं पासबुक झालं. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पट्टी ठेवून तिच्या नावावर सरळ रेघ मारली, आणि त्या रेघेखाली विलासरावांनी सही केली. माणसं चांगली होती. एकाने तर चहा पाजला. इथे रेघही दिसणार नव्हती. एक बटण, की नाव नाही.

त्यांनी टाइप केलेलं सगळं एकेक अक्षर करून पुसलं.

"ज्ञानदा, नाव राहू दे. मला फक्त लिहायची परवानगी दे."

पलीकडचं हसू थांबलं. "बरं काका. तसंही करता येतं. नाव ठेवूनच करू. पण मी आत्ता मीटिंगला चाललेय. संध्याकाळी किंवा उद्या नीट सांगते. तोवर कशाला हात लावू नका."

संध्याकाळ गेली, गुरुवारची सकाळ गेली. ज्ञानदाचा फोन आला नाही. रविवार तीन दिवसांवर. मग इग्नेशियसनी वॉल्टरला बोलावलं. नाक्यावर वॉल्टरचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, लग्नपत्रिका, सगळं तिथे निघतं, आणि वॉल्टरला येत नाही असं काम अजून विचारलं गेलेलं नाही.

"सोप्पंय अंकल," वॉल्टर उभ्याउभ्याच म्हणाला. "हे बघा, लिनक्समध्ये तीन टाइपची माणसं. मालक, मालकाचा ग्रुप आणि बाकीचे."

"मालक, भाऊबंद आणि गाव," इग्नेशियसनी भाषांतर केलं.

"करेक्ट. प्रत्येकाला मार्क द्यायचे. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. टोटल सात. आपण सगळ्यांना सातच देऊ. सात-सात-सात. टेन्शनच नको."

"नाव जाणार नाही ना?" विलासरावांनी विचारलं.

"नाव कशाला जाईल? नाव तिथेच. फक्त दार सताड उघडं."

विलासरावांना हे आवडलं. यमुनाचं दार तसंही उघडंच असे. त्यांनी पासवर्ड टाकला, वॉल्टरने कमांड मारली, आणि प्रिन्सीची ओळ लोण्यासारखी साठवली गेली. विलासराव त्या ओळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : 'वाचनालय आजपासून सुरू. सर्वांनी यावे.' लोकांनी अंगठे पाठवले. विलासराव आनंदाने बोंबील आणायला गेले आणि बाजारात ओळखीचे भेटल्यामुळे दोन तासांनी आले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या कॉम्प्युटरवर वाचकांसाठी वेगळं खातं होतं. पासवर्ड नाही, कोणीही बसावं आणि हवं ते पुस्तक यादीत शोधावं. यमुनाबाईंच्या वेळी त्या खात्यातून फक्त वाचता येई. वॉल्टरच्या हिशेबाने वाचक म्हणजे गाव, आणि गावाला आता सात मार्क होते.

लोक आले. कौतुकाने यादी उघडली. आणि प्रत्येकाला पहिलं काय दिसलं? स्वतःचं नाव. नावापुढे पुस्तक. पुस्तकापुढे 'परत नाही'. कोणाचं सात महिन्यांचं, कोणाचं यमुनाबाई असतानाचंच दीड वर्षाचं. माणसाने इकडेतिकडे पाहिलं. सहज कीबोर्डला हात लावला. आणि काय आश्चर्य, 'नाही' पुसलं गेलं!

शुक्रवारी संध्याकाळी विलासरावांनी यादी तपासली. यादीप्रमाणे प्रिन्सीने आणि बेटीआजींनी नेलेली दोन सोडली तर सगळीच्या सगळी पुस्तकं परत आली होती. कपाटात त्या दोनांखेरीज एकशे त्रेचाळीस जागा रिकाम्या होत्या. शिवाय एकाने स्वतःच्या आडनावाचं शुद्धलेखन सुधारलं होतं. एका कादंबरीपुढे 'भिकार' असा शेरा होता. आणि एका रहस्यकथेपुढे कोणीतरी लिहिलं होतं, 'खून डॉक्टरने केला.'

ती रहस्यकथा बेटीआजी त्याच दिवशी घेऊन गेल्या होत्या. कोणीतरी वर जाऊन त्यांना तो शेरा सांगितला, आणि अर्ध्या तासात त्या काठी टेकत खाली आल्या.

"विलास, हे कोन लिवलं? मी बाराव्या पानावर हाय अजून! डॉक्टर आताच तर घरात आला!"

"आजी, मला खरंच माहीत नाही."

"यमुना असती तर असं झालं नसतं," आजी म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. "बरं, दुसरं दे. खून नसलेलं दे."

तेवढ्यात जितेश मापाची टेप घेऊन आला. "काका, तुम्ही बसा. मी फक्त ट्रेडमिल कुठे बसेल बघतो." त्याने भिंत मोजली, मग यादी पाहिली, मग कपाट पाहिलं. "काका, यादीत सगळी पुस्तकं आहेत. कपाटात नाहीत. म्हणजे हरवली? मग हे सभेत सांगावं लागेल हो मला."

चौतीस वर्षांत विलासरावांच्या गोदामात एक गोळी कमी भरली नव्हती.  टेपचं एक टोक जितेशने त्यांच्या हातात दिलं होतं, ते त्यांनी धरून ठेवलं.

जितेश गेला आणि ज्ञानदाचा फोन वाजला.

"सॉरी काका, दोन दिवस मान वर करता आली नाही. हात लावला नाहीत ना कशाला?"

"लावला."

"काय केलंत?"

"सातशे सत्याहत्तर."

"अरे देवा. लिहायची परवानगी कोणाकोणाला दिलीत?"

"गावाला," विलासराव म्हणाले. "ज्ञानदा, तिची अकरा वर्षांची यादी. मी दोन दिवसांत घालवली बघ. देऊन टाकतो खोली. पोरं निदान व्यायाम तरी करतील."

"काका, थांबा. मावशीचं घर उघडा. म्हणजे मशीनमधलं, तिच्या नावाचं फोल्डर. ते वॉल्टरने उघडलं का?"

"नाही. वाचनालयाचंच उघडलं."

"मग वाचलो. त्यात ती महिन्याअखेरीस यादीची एक प्रत ठेवायची. ते फोल्डर फक्त तिलाच उघडायचं. तुम्ही सुडोने उघडा, मी सांगते."

उघडलं. आत महिन्यावार फाइली होत्या, एकाखाली एक, सुकत घातलेल्या पापडांसारख्या. ज्ञानदाने त्यांच्या परवानग्या वाचायला सांगितल्या. प्रत्येकीला मालक यमुना, आणि मालकालाही फक्त वाचण्याची परवानगी.

"स्वतःलाच लिहायची बंदी?" इग्नेशियस चकित झाले. "स्वतःच्या जमिनीत स्वतःला मनाई?"

"मी पण हेच विचारलं होतं तिला," ज्ञानदा म्हणाली. "ती म्हणाली, एकदा माझ्याच हातून अख्खं पान पुसलं गेलं, तेव्हापासून माझा माझ्यावर विश्वास नाही."

शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीच्या तीस तारखेची होती. विलासरावांना ती तारीख आठवली. तिला ताप होता. 'जरा खाली जाऊन येते' म्हणाली, आणि 'आत्ता कशाला मरायला' म्हणून ते करवादले होते. कशाला ते आज समोर होतं. त्यानंतर वाचनालय उघडलंच नव्हतं. म्हणजे एकशे त्रेचाळीस नोंदी जशाच्या तशा होत्या. फक्त प्रिन्सीची आणि बेटीआजींची ओळ वाढवायची होती.

त्यांनी चष्मा काढला. इग्नेशियस उगाचच पंख्याचं बटण तपासायला गेले.

"आता नीट करू," ज्ञानदा म्हणाली. "ही प्रत यादीच्या जागी ठेवू, मालक मावशीच राहील. एक ग्रुप करू. त्यातल्या माणसांना वाचायची आणि लिहायची परवानगी. बाकीच्यांना फक्त वाचायची. ग्रुपचं नाव काय देऊ?"

"भाऊबंद," इग्नेशियस पंख्याखालून म्हणाले.

तसं दिलं. भाऊबंदांत दोघे घेतले : विलास आणि प्रिन्सी. प्रिन्सीचं नवं खातं काढलं.

"आणि मी?" इग्नेशियसनी विचारलं.

"तुम्ही गावात," विलासराव म्हणाले.

"वाचता येईल ना? मग हरकत नाही," असं म्हणून ते खुर्चीत बसले.

मशीनने हिशेब दाखवला : सहा, सहा, चार. सातात एक कमी, पण विलासरावांना पहिल्यांदाच मार्क बरोबर वाटले.

शनिवारी सकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. प्रिन्सीने मसुदा तपासला होता, आणि त्यात कोणाचं नाव नव्हतं. 'यमुनाची मूळ यादी सापडली आहे. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे ते तिने नीट लिहून ठेवलं आहे. वाचनालय दिवसभर उघडं.'

या वेळी अंगठे आले नाहीत. पुस्तकं आली. दुपारपर्यंत दाराच्या कडीला तीन पिशव्या लटकल्या होत्या. एकाने अकरा पुस्तकं लिफ्टमध्ये ठेवून तळमजल्याचं बटण दाबलं आणि स्वतः वरच राहिला. एक बाई पुस्तकाबरोबर वाटीभर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आल्या. "यमुनाताईंना देईन देईन म्हणत राहिलं," म्हणाल्या, आणि वाटी विलासरावांच्या हातात ठेवून वळल्या. एका पुस्तकात लाइटचं बिल खूण म्हणून होतं, ते भरलेलं होतं का, हे विलासरावांनी मुद्दाम पाहिलं नाही.

पाचच्या सुमाराला जितेश आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काका, हे काकूंनी मला वाचायला दिलेलं. मधुमेहावरचं. आणि ही दोन बायकोची."

"यादीत तू ती परत केलेली दिसत होती," विलासराव म्हणाले.

"तो... तेव्हा सिस्टीमचा काहीतरी प्रॉब्लेम होता ना."

"होता. मीच केला होता," विलासराव म्हणाले आणि तिन्ही पुस्तकं जमा करून घेतली. जितेशने मोकळा श्वास घेतला आणि खिशातली टेप आणखी आत ढकलली.

रविवारी सभेत खोलीचा विषय तांत्रिक कारणास्तव मागे घेण्यात आला. कारण कोणी विचारलं नाही. गच्चीवरच्या पत्र्याखाली ट्रेडमिल बसेल, असं जितेशला अचानक सुचलं होतं.

सभा सुटल्यावर माणसं खाली वाचनालयात उतरली. एकशे एकोणचाळीस पुस्तकं परत आली होती. उरलेल्या चारांतलं एक मिरा रोडला बहिणीकडे होतं आणि बहीण ते अर्ध्यावर सोडायला तयार नव्हती. रांग लागली. विलासरावांनी ज्ञानदाला फोन लावला.

"चार सोडली तर जुनी यादी पूर्ण झाली बघ. आता पुढच्या नोंदी हिच्यातच करत जाऊ?"

"चालेल की. नाहीतर नवीन वर्षाची नवीन फाइल काढा. जुनी आहे तशी राहील. मात्र काका, जी फाइल जो काढतो, ती त्याच्या नावाने होते. नवीचे मालक तुम्ही व्हाल."

 विलासरावांनी नवी फाइल काढली. भाऊबंदांना तिच्यात लिहायची परवानगी दिली, गावाला वाचायची. मशीनला फोल्डरमधल्या फाइली दाखवायला सांगितलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. वरच्या ओळीत मालक यमुना, ग्रुप भाऊबंद. खालच्या ओळीत मालक विलास, ग्रुप भाऊबंद.

रेघ कुठेच नव्हती.

"काय झालं काका, अडकलं का?" प्रिन्सीने विचारलं. मागे रांगेत बेटीआजी काठी आपटत होत्या.

"नाही, चालतंय." विलासराव उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तू लिही. मी पुस्तकं काढून देतो. पहिलं नाव आजींचं घाल. आणि शेरा कोणाला लिहू देऊ नकोस."